टिकून राहणे आणि टिकवून धरणे

बायबलच्या नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या १४व्या अध्यायातील एक घटना इतक्या थोड्या शब्दांत सांगितली आहे की, वाचताना ती सहज नजरेतून निसटते. येशूचे प्रेषित पौल आणि बर्णबा लुस्त्र नगरात सुवार्ता सांगत होते. जन्मापासून पांगळा असलेला एक माणूस तेथे बरा झाला आणि लोकांनी या दोघांना देव मानून त्यांच्यापुढे बैल बळी देण्याची तयारी केली. पुढे पिसिदियातील अंत्युखिया आणि इकुन्या येथून आलेल्या विरोधकांनी त्याच लोकसमुदायाची मने फिरवली, तेव्हा पौलाला दगडमार करण्यात आला आणि तो मेला असे समजून लोकांनी त्याला ओढत नगराबाहेर नेऊन टाकले. शिष्य त्याच्याभोवती जमले, तो उठला आणि पुन्हा नगरात गेला. दुसऱ्या दिवशी तो बर्णबाबरोबर दर्बेला निघाला.

दर्बेहून पूर्वेकडे जाणारी वाट तौरस पर्वत ओलांडून तार्सला पोहोचते, आणि तार्स हे पौलाचे जन्मस्थान. दर्बेतील काम आटोपल्यावर तो त्या वाटेने घरी गेला असता, तर त्याला कोणी दोष दिला नसता. पण ते दोघे माघारी वळले आणि ज्या नगरांतून छळ सोसून बाहेर पडले होते त्याच लुस्त्र, इकुन्या आणि अंत्युखिया या नगरांत परत गेले. तेथे नव्याने विश्वास ठेवलेली माणसे होती, त्यांची मने स्थिर करावीत आणि त्यांनी विश्वासात टिकून राहावे म्हणून त्यांना धीर द्यावा, एवढाच या परतण्याचा हेतू होता.

या घटनेकडे मी पुन्हा पुन्हा वळते, कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या मनात एक समजूत घर करून बसलेली असते. आधी माझे संकट सरू दे, माझे मन शांत होऊ दे, माझा विश्वास पुन्हा पक्का होऊ दे आणि मग मी दुसऱ्याला धीर देण्याच्या योग्यतेची होईन, असे आपण स्वतःला सांगतो. ऐकायला हे नम्रपणाचे वाटते. पण पवित्र शास्त्रात ज्यांनी इतरांना उभे केले त्यांची आयुष्ये पाहिली, तर त्यांच्यापैकी फारच थोड्यांनी स्वतःचे संकट टळेपर्यंत वाट पाहिलेली दिसते. आपण स्वतः विश्वासू राहणे आणि दुसऱ्याला विश्वासात टिकवून धरणे ही एकामागून एक करायची दोन कामे नाहीत, असे माझे ठाम मत झाले आहे. पुष्कळदा दुसऱ्याला धरून ठेवताना आपलीच पकड घट्ट होते आणि केवळ स्वतःला सावरण्याच्या प्रयत्नात असलेला माणूस अधिकाधिक एकटा पडत जातो.

पौल आणि बर्णबा यांनी परत जाऊन नेमके काय सांगितले, तेही पाहण्यासारखे आहे. आता विरोध मावळला आहे किंवा यापुढे तुम्हाला त्रास होणार नाही, असे ते म्हणाले नाहीत. आपल्याला पुष्कळ संकटांतून देवाच्या राज्यात जावे लागते, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ज्या माणसाच्या अंगावर याच नगरात दगड पडले होते त्याने हे सांगणे आणि सुखरूप घरी बसून कोणी पत्राने कळवणे, यांत मोठे अंतर आहे. शिवाय ते नुसते बोलून निघून गेले नाहीत. प्रत्येक मंडळीत, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या समूहात, त्यांनी वडील म्हणजे सांभाळ करणारी ज्येष्ठ माणसे नेमली, उपास आणि प्रार्थना करून त्यांना प्रभूच्या हाती सोपवले, म्हणजे आपण निघून गेल्यावरही या लोकांजवळ कोणीतरी माणूस राहील याची व्यवस्था केली. धीर देण्याचा हा भाग सहसा विसरला जातो. आपल्या भेटीनंतर त्या घरात पुढचे दिवस कोण डोकावणार आहे, याचा विचार फार थोडे लोक करतात.

विश्वासू राहणे म्हणजे काय, याविषयीही थोडे मोकळेपणाने बोलले पाहिजे, कारण या बाबतीत पुष्कळ प्रामाणिक माणसांच्या मनावर नको ते ओझे असते. रडू आले, प्रार्थना करावीशी वाटली नाही किंवा देवाला जाब विचारावासा वाटला, तर आपला विश्वास खोटा ठरला असे त्यांना वाटते. स्तोत्रसंहिता ज्याने नीट वाचली आहे त्याला असे वाटण्याचे कारण नाही. १३व्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत दावीद चार वेळा देवाला विचारतो की, हे कोठवर चालणार. ८८वे स्तोत्र तर आशेच्या एकाही शब्दावाचून अंधारातच संपते. तरीही ते स्तोत्रसंहितेत आहे आणि शतकानुशतके उपासनेत वाचले गेले आहे. त्या स्तोत्राचा कर्ता आपल्या दुःखाबद्दल जे बोलतो ते देवाशीच बोलतो, तोंड फिरवून जात नाही, रात्रंदिवस हाक मारत राहतो. माझ्या मते यालाच टिकून राहणे म्हणतात. पौलानेही करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आरंभी स्पष्ट लिहिले आहे की, आशिया प्रांतात आपल्यावर शक्तीपलीकडचा भार आला होता आणि आपण जगण्याची आशादेखील सोडली होती. हे लिहिताना त्याला आपली प्रतिष्ठा कमी होईल अशी भीती वाटली नाही. आपण खचलो होतो हे ज्याने लपवले नाही, त्याच्या पत्रावर खचलेली माणसे विश्वास ठेवू शकली.

आता खोट्या धीराविषयी. या मुद्द्यावर मला जरा थांबावेसे वाटते, कारण संकटातील माणसाला सर्वांत जास्त इजा यानेच होते आणि ती इजा करणारी माणसे बहुधा भल्या हेतूने आलेली असतात.

इ.स.पू. ५९७मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतून राजाला, सरदारांना आणि कारागिरांना कैद करून नेले. मागे उरलेल्या लोकांना एकच गोष्ट ऐकायची होती, ती म्हणजे हे सगळे लवकर संपणार आहे. यिर्मयाच्या पुस्तकाच्या २८व्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सर्वांसमोर उभा राहून नेमके तेच सांगतो. दोन वर्षांच्या आत बाबेलच्या राजाचे जोखड मोडले जाईल, मंदिराची पात्रे परत येतील आणि कैदी घरी येतील, असे तो परमेश्वराच्या नावाने जाहीर करतो. यिर्मया त्या वेळी मानेवर लाकडी जोखड घालून वावरत होता. त्याचे पहिले उत्तर फार हृदयस्पर्शी आहे: आमेन, परमेश्वर असेच करो. म्हणजे त्यालाही तेच हवे होते. लोकांच्या दुःखात त्याला कसलाही आनंद नव्हता. पण देवाने त्याला जे सांगितले होते ते वेगळे होते, आणि त्याने ते बदलले नाही. हनन्याने त्याच्या मानेवरचे जोखड काढून मोडून टाकले. त्या क्षणी जमलेल्या लोकांना हनन्या आशेचा माणूस वाटला असेल आणि यिर्मया निराशेचा.

पुढच्याच अध्यायात यिर्मयाने बाबेलमधील कैद्यांना पाठवलेले पत्र आहे. घरे बांधा आणि त्यांत राहा, मळे लावा आणि त्यांचे फळ खा, मुलामुलींची लग्ने करा, ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याचे हित चिंता आणि त्यासाठी प्रार्थना करा, असे तो त्यांना लिहितो. परतण्याची मुदत तो ७० वर्षे सांगतो. पत्र ऐकणाऱ्या प्रौढ माणसांपैकी जवळपास कोणीही ती परत येण्याची वेळ पाहणार नव्हते, हे त्याला आणि त्यांनाही ठाऊक होते. तुमच्याविषयी माझ्या मनात हिताचे संकल्प आहेत, तुम्हाला भविष्य आणि आशा द्यावी असे ते आहेत, हे वचन आपण शुभेच्छापत्रांवर छापतो, एकमेकांना मोबाइलवर पाठवतो; ते वचन या पत्रातले आहे आणि ७० वर्षांच्या मुदतीनंतर लगेच येते. त्या मुदतीवाचून ते वचन उचलले की ते हनन्याच्या भाषणासारखे होऊन बसते. मुदतीसह वाचले की त्यात दीर्घ काळ पुरेल असे बळ आहे, कारण ते ऐकणाऱ्याला आज करण्यासारखे काम देते: आजच्या आज मळा लाव, कारण तू येथे राहणार आहेस आणि देव येथेही आहे.

आजारी माणसाला आपण पुढच्या महिन्यात ठणठणीत होशील असे सांगतो, नोकरी गेलेल्याला याहून चांगली मिळेल असे सांगतो, मूल गमावलेल्या आईला देवाची काहीतरी योजना असेल असे सांगतो. यांपैकी एकाही गोष्टीची खात्री देण्याचा अधिकार आपल्याला दिलेला नाही. मुदत उलटते, शब्द खोटे ठरतात आणि मग त्या माणसाला आपला राग येतो एवढेच नव्हे, तर ज्याच्या नावाने आपण बोललो त्या देवावरचाच त्याचा भरवसा ढासळतो. म्हणून संकटात असलेल्या माणसाजवळ जाताना आपण फक्त तेवढेच बोलावे जेवढे देवाने खरोखर सांगितले आहे. त्याने संकट येणार नाही असे म्हटलेले नाही. मी तुला सोडणार नाही आणि टाकणार नाही, असे म्हटले आहे. हे वचन पुरेसे नाही असे आपल्याला वाटते, म्हणून आपण त्यात आपल्या पदरची भर घालतो.

सर्वस्व गमावलेल्या ईयोबाच्या तीन मित्रांची निंदा करण्याची आपल्याला सवय आहे, परंतु त्यांनी आरंभी जे केले ते मला फार मोलाचे वाटते. ते आपापल्या ठिकाणांहून ठरवून एकत्र आले. लांबून त्यांनी ईयोबाला पाहिले तेव्हा तो त्यांना ओळखूही आला नाही, ते मोठ्याने रडले, आणि मग सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. त्याचे दुःख फार मोठे आहे हे पाहून त्यांच्यापैकी कोणी एक शब्दही बोलले नाही. आठव्या दिवशी ते उठून घरी गेले असते, तर उत्तम मित्र म्हणून त्यांची नावे घेतली गेली असती. पण ईयोबाने तोंड उघडून आपल्या जन्मदिवसाला शाप दिला, आणि ते ऐकून त्यांना राहवले नाही. देवाची बाजू मांडणे हे आपले कर्तव्य आहे, असे त्यांना वाटले. पुस्तकाच्या शेवटी देव त्यांनाच रागे भरतो आणि तक्रार करणाऱ्या ईयोबाला आपला सेवक म्हणतो. दुःखी माणसाच्या तोंडून कडू शब्द निघाले की, त्यांचे खंडन करण्याची घाई करू नये, एवढा धडा तरी या पुस्तकातून घेण्यासारखा आहे. ते शब्द वाऱ्यावर जाऊ द्यावेत. ईयोब स्वतःच सहाव्या अध्यायात म्हणतो की, निराश माणसाचे बोलणे वाऱ्यासारखे असते.

माझी आई दीर्घ काळ अंथरुणाला खिळून होती, तेव्हा आमच्या मंडळीतील एक वयस्कर मावशी नियमाने येत असत. त्यांच्या यजमानांची स्मरणशक्ती गेलेली होती आणि ते मावशींनाही ओळखत नसत, हे आम्हा सर्वांना ठाऊक होते. त्या आल्या की, आईचे केस विंचरत, एक स्तोत्र सावकाश वाचत आणि मग माझ्याकडे वळून म्हणत, “तू जरा पड, मी बसते इथे.” त्यांनी मला कधी उपदेश केला नाही. एकदा मी त्यांना विचारले की, तुमच्या घरी एवढे सगळे असताना तुम्ही इथे कशा येऊ शकता, तेव्हा त्या म्हणाल्या, “इथे आले की माझी पण प्रार्थना होते, घरी एकटीने होत नाही.” विश्वासू राहणे आणि धीर देणे या दोन गोष्टी एकमेकींत किती गुंतलेल्या आहेत, हे मला त्या एका वाक्याने जितके कळले तितके कोणत्याही प्रवचनाने कळले नव्हते. त्या आमच्यावर उपकार करण्यासाठी येत नव्हत्या. आमच्या घरात बसून त्या स्वतःचा विश्वास जपत होत्या, आणि ते जपणे आम्हाला दिसत होते म्हणून आमचाही टिकत होता.

झोप आणि अन्न यांना आपण आध्यात्मिक गोष्टींत धरत नाही. कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या संदेष्ट्यांवर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या धमकीने घाबरून रानात पळाला आणि रतामाच्या झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. देवाने त्याच्याकडे दूत पाठवला, आणि त्या दूताने त्याला काय दिले, तर निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. तो खाऊन पुन्हा झोपला, तरी दूताने त्याला रागावले नाही. दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला दिले आणि सांगितले की, पुढची वाट तुला झेपणार नाही इतकी लांब आहे. त्याच्या मनातला गैरसमज, की विश्वासू असा मी एकटाच उरलो आहे, तो देवाने दूर केला, पण नंतर, ४० दिवसांचा प्रवास करून तो होरेबला पोहोचल्यावर. तेथे त्याला कळले की, बआलापुढे गुडघे न टेकलेले ७,००० लोक इस्राएलात आहेत. शिवाय पुढच्या कामासाठी त्याला अलीशा मिळाला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. आधी अन्न आणि झोप, मग चूक समजावणे, मग सोबती. आपण बहुधा मधूनच सुरुवात करतो.

स्वतः अडचणीत असताना इतरांना बळ देण्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे फिलिप्पैकरांना लिहिलेले पत्र. ते लिहिताना पौल बंदिवासात होता आणि खटल्याचा निकाल जगण्याचा लागेल की मरणाचा, हे ठरलेले नव्हते. तरी पहिल्याच अध्यायात तो सांगतो की, माझ्या बेड्यांमुळे बहुतेक बंधूंना धैर्य आले आहे आणि ते निर्भयपणे वचन सांगू लागले आहेत. आनंदाचा उल्लेख त्या पत्रात वारंवार येतो, आणि त्यामुळे पौलाला दुःख जाणवतच नव्हते असे काहींना वाटते. पण दुसऱ्या अध्यायात एपफ्रदीताविषयी तो काय लिहितो ते वाचावे. फिलिप्पैकरांनी पौलाच्या सेवेसाठी पाठवलेला हा माणूस मरणाच्या दारी पोहोचण्याइतका आजारी पडला होता, आणि आपल्या आजाराची बातमी घरच्यांना कळली या विचाराने तो आणखी कष्टी झाला होता. देवाने त्याच्यावर दया केली, आणि त्याच्यावरच नव्हे तर माझ्यावरही, नाहीतर मला दुःखावर दुःख झाले असते, असे पौल म्हणतो. मग ज्याची त्याला स्वतःला गरज होती त्याच माणसाला तो परत पाठवतो, म्हणजे तिकडच्या लोकांना आनंद होईल आणि त्याचीही चिंता हलकी होईल. पत्रातला आनंद असा आहे: त्यात दुःखाचा हिशोब लपवलेला नाही.

मराठी वाचकांना पंडिता रमाबाईंचे नाव नवे नाही, परंतु या विषयाच्या संदर्भात त्यांच्या आयुष्याचा क्रम पुन्हा डोळ्यांपुढे आणावा असे मला वाटते. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंनी तरुण वयातच दुष्काळाच्या दिवसांत आईवडील गमावले. १८८० साली भाऊ गेला. लग्नानंतर दोन वर्षांच्या आतच, १८८२मध्ये, त्यांचे पती कॉलऱ्याने वारले आणि पदरात लहानगी मनोरमा उरली. भूक म्हणजे काय आणि निराधार होणे म्हणजे काय, हे त्यांना कोणी शिकवण्याची गरज नव्हती. १८९६-९७च्या दुष्काळात त्या स्वतः दुष्काळी भागात गेल्या आणि शेकडो मुलींना व स्त्रियांना त्यांनी आसरा दिला. केडगावचे मुक्ती मिशन त्यातूनच वाढले. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून साध्या मराठीत बायबलचे भाषांतर करण्याचे काम हाती घेतले, ते सामान्य स्त्रियांना वाचता यावे म्हणून. १९२१ साली मनोरमाबाईही आईच्या आधी गेल्या. त्यानंतरच्या महिन्यांतही रमाबाईंनी हे काम सोडले नाही, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या विश्वासाला धक्के बसले नसतील असे कोणीही म्हणू शकणार नाही. पण प्रत्येक धक्क्यानंतर त्यांचे लक्ष कोणत्या ना कोणत्या दुसऱ्या दुःखी स्त्रीकडे वळलेले दिसते, आणि हा योगायोग आहे असे मला वाटत नाही.

येथे बर्णबाविषयी थोडे लिहिलेच पाहिजे. मंडळीचा छळ करणाऱ्या शौलाचे, म्हणजेच पौलाचे, हृदयपरिवर्तन झाल्यावर यरुशलेमेतील सगळे शिष्य त्याला भीत होते, तेव्हा त्याला हाताशी धरून प्रेषितांकडे नेणारा बर्णबा होता. पुढे सूरियातील (दुसऱ्या) अंत्युखियातील नव्या विश्वासणाऱ्यांना त्याने दृढनिश्चयाने प्रभूला चिकटून राहण्यास सांगितले, आणि ते काम एकट्याला पुरे पडणार नाही हे ओळखून तो शौलाला शोधायला तार्सला गेला. योहान मार्क पहिल्या प्रवासात त्यांना सोडून परत फिरला होता. दुसऱ्या वेळी त्याला बरोबर घेण्यास पौल तयार नव्हता आणि या कारणावरून दोघांत इतका तीव्र मतभेद झाला की ते वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्र बेटाकडे गेला. त्याच मार्काबद्दल पौलाने आपल्या शेवटच्या काळातल्या पत्रात लिहिले आहे की, त्याला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. जे टिकले त्यांना शाबासकी देणे सोपे आहे. जो एकदा मागे फिरला त्याच्याबरोबर पुन्हा वाटेला लागणारा माणूस मंडळीत नसेल, तर संकटकाळात आपण निम्मी माणसे गमावून बसू.

आणि जो सतत धीर देतो त्याचे काय? हा प्रश्न आपण फार उशिरा विचारतो. अमालेक या शत्रूंशी लढाई चालू असताना मोशेचे हात वर असेपर्यंत इस्राएल जिंकत होते, पण ते हात भरून येऊ लागले. अहरोन आणि हूर यांनी त्याला बसायला धोंडा दिला आणि दोन्ही बाजूंनी त्याचे हात सूर्यास्तापर्यंत धरून ठेवले. मोशेने हे नाकारले नाही. दावीदाचा मित्र योनाथान रानात लपलेल्या दावीदाकडे गेला आणि देवाच्या ठायी त्याने त्याला बळकट केले. पुढे सिकलाग नगरात जेव्हा दावीदाचीच माणसे त्याला दगडमार करायला उठली तेव्हा योनाथान जवळ नव्हता, आणि दावीदाला एकट्यानेच परमेश्वराच्या ठायी स्वतःला सावरावे लागले. दोन्ही प्रसंग येतात. पण दुसऱ्या प्रसंगाला तोंड देण्याचे बळ पहिल्या प्रसंगांतून साठत जाते, असे मला वाटते.

लुस्त्रात ज्या माणसांसाठी पौल परत गेला त्या मंडळीतूनच पुढे तीमथ्य मिळाला. वर्षे लोटल्यावर, आपला अंत जवळ आला आहे हे जाणून पौल त्या तीमथ्याला पत्र लिहितो. लुस्त्रात मला काय सोसावे लागले ते तुला ठाऊक आहे, अशी तो त्याला आठवण देतो, त्याला धीर देतो, वचनाची घोषणा करत राहा असे सांगतो, आणि त्याच पत्राच्या शेवटी स्वतःसाठी मागतो. देमास मला सोडून गेला, फक्त लूक माझ्याजवळ आहे. होईल तितक्या लवकर माझ्याकडे ये, हिवाळ्यापूर्वी ये. त्रोवसात कार्पाजवळ ठेवलेला माझा झगा आण, पुस्तके आण आणि विशेषेकरून चर्मपत्रे आण. अनेसिफराने रोममध्ये आपला कसून शोध घेतला, आपल्या बेड्यांची त्याला लाज वाटली नाही आणि त्याने वारंवार आपल्याला ताजेतवाने केले, हेही तो कृतज्ञतेने नमूद करतो. एवढ्या मोठ्या प्रेषिताला थंडी वाजत होती, वाचायला काही हवे होते आणि माणूस हवा होता. आणि त्याने ते मागितले.

आमच्या छोट्या प्रार्थनागटात यावरूनच एक गोष्ट आम्ही ठरवून सुरू केली. गट चालवणाऱ्याने सर्वांच्या गरजा ऐकून शेवटी प्रार्थना करायची आणि स्वतः मात्र “मी ठीक आहे” म्हणून उठायचे, ही पद्धत आम्ही बंद केली. आता तोच सर्वांत आधी आपली गरज सांगतो, आणि ती शक्य तितकी झग्यासारखी नेमकी असावी असा आमचा आग्रह असतो. आरंभी हे सर्वांनाच अवघड गेले, कारण धीर देणाऱ्या माणसांना मागण्याची सवय नसते. पण मग एका बंधूंनी सांगितले की, त्यांना संध्याकाळी दवाखान्यात एकट्याने बसणे सोसत नाही. एका भगिनीने सांगितले की, तिला पहाटे कोणीतरी फोन करून एक स्तोत्र वाचून दाखवावे, कारण पहाटेच तिचे मन सर्वांत जास्त खचते. स्तोत्र वाचण्याचे काम मी मागून घेतले, आणि दवाखान्यातल्या संध्याकाळी त्याच बैठकीत तिघांनी वाटून घेतल्या.